फोटूत काय न्हाय

तिसऱ्यांदा सुई टोचली तरी शीर सापडेना. सोजरबाईंचा हात माझ्या हातात होता. कोपरापासून मनगटापर्यंत नुसती हाडं आणि वर सैल कातडी. मी दंडाला रबरी पट्टा आवळला, हातावर टिचक्या मारल्या, मूठ उघडा, मिटा म्हणून सांगितलं. शिरा काही वर येईनात.

"लई तरास देतीय का मी तुमास्नी?" त्यांनी विचारलं. टोचत मी होतो आणि माफी त्या मागत होत्या.

"काकू, पाणी कधी प्यायला होता?"

"काल दुपारी. आन् आत्ता हितं औशीद प्याले तेवढंच."

"दुपारी? रात्री दहानंतर बंद करा म्हणून सांगितलं होतं ना?"

"आमी म्हटलं, जास्ती येळ उपाशी ऱ्हायलं तर फोटू चांगला यील."

मी कपाळाला हात लावला. माणूस पाणी प्यायला नाही की रक्तवाहिन्या रिकाम्या होतात आणि आत दडून बसतात. चांगल्या फोटोसाठी पोट रिकामं लागतं हे खरं, पण शिरा भरलेल्या लागतात. आमच्या छापील कागदावर पहिली गोष्ट ठळक अक्षरात होती, दुसरी नव्हतीच.

मी सीटी स्कॅनचा टेक्निशियन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बारामतीत एका खासगी सेंटरवर कामाला होतो. मशीन पुण्याकडच्या कुणीतरी वापरून काढून टाकलेलं, पण आमच्या भागाला त्याचं केवढं अप्रूप. खोलीत मशीनला एसी, बाहेर पेशंटला पंखा. मशीन तापलं तर बंद पडेल ही मालकांना भीती, पेशंटबद्दल तशी भीती नव्हती. इंदापूर, भिगवण, फलटणपासून लोक यायचे. कोणी त्याला 'शीटी' म्हणायचं, कोणी 'मोठा फोटू'. मशीन माझ्या हातात, म्हणून मला सगळे डॉक्टरच समजायचे. मीही दर वेळी दुरुस्त करत बसायचो नाही, खोटं कशाला सांगू.

सोजरबाई पळसदेवच्या. वय साठीच्या आसपास, पण दिसत होत्या पंचाहत्तरच्या. सहा महिन्यांत निम्म्या झाल्या होत्या म्हणे. सोबत नवरा, ज्ञानदेवतात्या. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात पितळी तांब्या. तात्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. धरणाच्या पाण्याकाठी जमीन भिजायला लागली तशी मेंढरं विकली आणि शेती धरली. सकाळी आल्या आल्या त्यांनी मला विचारलं होतं, "सायब, गाव कुठलं?" मी म्हणालो, निमगाव केतकी. "म्हंजे गायकवाड मास्तराचं तुमी!" माझे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. तेवढ्यावर तात्या निर्धास्त झाले. घरचाच माणूस मशीनवर आहे म्हटल्यावर आता काय भ्यायचं, असा त्यांचा चेहरा झाला.

इंदापूरच्या सर्जननी पाठवलेल्या फॉर्मवर तीनच गोष्टी होत्या. पोटदुखी, वजन घट, आणि पुढे प्रश्नचिन्ह घालून 'गाठ'. कॅन्सर असा शब्द कोणी उच्चारत नव्हतं, पण तात्यांना तो माहीत होता.

मी चौथ्यांदा शीर शोधत होतो तेव्हा सोजरबाई छताकडं बघत बोलायला लागल्या.

"गाठ न्हाय वो माझ्या पोटात. मला कळतंय की. काय खाल्लं न्हाय तर माझं काय म्हणून दुखत न्हाय. भाकरीचा चतकोर खाल्ला की अर्ध्या घंट्यानं असा पिळा पडतो, जीव जातोय का ऱ्हातोय. मग भ्या वाटतं. म्हणून खाणंच सोडलंय मी."

"बरं, बरं. हात हलवू नका."

हे वाक्य लक्षात ठेवा. पेशंटनं निदान माझ्या कानात सांगितलं होतं, आणि मी तिला हात हलवू नको म्हणालो होतो.

शेवटी हाताच्या पाठीवर एक बारीक शीर मिळाली. तिच्यात लहान पोरांना लावतात ती बारीक सुई बसवली. आता हे सुईचं प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं. पोटाच्या स्कॅनला दोन वाटांनी औषध देतात. दोन्ही आयोडीनची, आणि दोन्ही फोटोत पांढरी दिसतात. एक शिरेतून. त्यानं रक्तवाहिन्या पांढऱ्या होतात, पण अर्ध्या-पाऊण मिनिटापुरत्याच. म्हणून ते जाड सुईनं, जोरात द्यावं लागतं. आता त्याला पंप आहेत. तेव्हा आमचे दोन अंगठे हाच पंप होता. बारीक सुई असली की कितीही जोर लावा, औषध थेंबाथेंबानं जातं, रक्तात मिसळून फिकं होतं, आणि रक्तवाहिन्या धड पांढऱ्या होत नाहीत.

दुसरं औषध तोंडावाटे. छोट्या बाटलीतलं औषध दीड लिटरच्या जारमध्ये पाण्यात कालवायचं आणि दर पाव तासानं एकेक ग्लास पाजायचं. म्हणजे आतडी फिकट पांढरी होतात आणि आतड्याचं वेटोळं कुठलं, गाठ कुठली, हे वेगळं ओळखता येतं. फिकट पांढरी, हे महत्त्वाचं. आतडी फार पांढरी झाली तर त्यांच्याजवळच्या रक्तवाहिन्या दिसतच नाहीत. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूनं लिहिलं तर काय वाचणार?

जार नेहमी मी कालवायचो. त्या दिवशी कालवला नाही. पणदऱ्याहून मोटारसायकलवरनं पडलेला एक जण आणला होता, डोक्याला मार, बेशुद्ध. त्याला आधी घेणं भाग होतं. मी जाता जाता बाटली आणि रिकामा जार तात्यांच्या हातात दिला. "तात्या, हे सगळं पाण्यात घालून काकूंना थोडं थोडं पाजा. सगळं संपलं पाहिजे."

तात्या म्हणाले, "संपवतो की."

सोजरबाईंना टेबलवर घेतलं. मशीन बोलायचं ते इंग्रजीत, म्हणून श्वास रोखायला मीच काचेपलीकडून माइकवर सांगायचो. "काकू, श्वास घ्या. धरा. धरून ठेवा." त्या बिचाऱ्या माझं सगळं ऐकत होत्या. एकदाही हलल्या नाहीत. पेशंट म्हणून त्यांच्यात काडीचा दोष नव्हता.

स्क्रीनवर एकेक फोटो यायला लागला. यकृत, जठर, मूत्रपिंडं. आणि मग आतडी आली. मी खुर्चीत सरसावून बसलो. आतडी फिकट नव्हती, पांढरीफटक होती. इतकी की त्यांच्यातून चहूकडे किरणांसारखे पट्टे उठले होते. पोटाच्या मधोमध, जिथून आतड्याला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी खाली उतरते, तिथं नुसती पांढरी-काळी रेघोटी. त्यात बारीक सुईमुळं रक्तवाहिन्या आधीच फिक्या. मला काही दिसत नव्हतं. कुणालाच दिसलं नसतं.

मी बाहेर आलो. तात्या बाकावर बसले होते. शेजारी जार कोरडा ठणठणीत.

"तात्या, औषध कशात कालवलं?"

"ह्यात." त्यांनी तांब्या वर केला.

"जार दिला होता ना मी?"

"सायब, एवढं पाणी तिला जाणार हाय का? दोन घोट घेतलं की पोट धरून बसती ती. मेंढराला औशीद पाजायचं तर आमी नळीत मावंल एवढंच करतो. पाणी जास्ती झालं की मेंढरू थुकतं, आन् औशीद वाया. दाट करायचं आन् एका दमात उतरवायचं. तसंच केलं. पर एक थेंब सांडू दिला न्हाय."

त्यांना वाटत होतं मी शाबासकी द्यायला आलोय. 'सगळं संपलं पाहिजे' असं मीच सांगितलं होतं, आणि सगळं संपलं होतं. अर्धं आयुष्य जनावरं राखलेल्या माणसानं आपल्या बायकोचा त्रास कमी व्हावा म्हणून जे सुचलं ते केलं होतं.

आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडम सोमवारी आणि गुरुवारी पुण्याहून यायच्या. रेडिऑलॉजिस्ट म्हणजे फोटो वाचणारे डॉक्टर. सोजरबाईंचा स्कॅन मंगळवारी झाला होता. गुरुवारी मॅडमनी फिल्म पांढऱ्या दिव्याच्या पेटीवर लावली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"गायकवाड, हे काय आहे? इतकं डेन्स?"

मी तांब्याची गोष्ट सांगितली. मेंढराचा भाग ऐकून त्या हसल्या. मीही हसलो. तेव्हा हसलो, हे सांगितलंच पाहिजे.

"मधला भाग वाचताच येत नाही. पेशंटला परत बोलाव. चार दिवसांनी आतडी रिकामी होतील."

"मॅडम, पळसदेवहून येतात. दोन एसट्या बदलून. बाई पार खंगलीय. हाताला शीर नाही. गाठ दिसतेय का कुठं?"

"गाठ नाही दिसत."

"सर्जननी गाठच विचारलीय."

मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तिथं मी लिहायला हवं होतं की खाल्ल्यावर दुखतं, म्हणून बाई खायला भिते. तेवढं एक वाक्य असतं तर त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नसतं. मी लिहिलं नव्हतं, आणि तोंडीही सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. ते माझ्या लेखी औषध नव्हतं, सुई नव्हती, मशीनही नव्हतं. बाईची बडबड होती ती.

मॅडमनी रिपोर्ट लिहिला. गाठ नाही, आतड्याला अडथळा नाही. आणि मध्ये कुठंतरी एक ओळ, की तोंडावाटे दिलेल्या औषधाच्या दाटपणामुळं रक्तवाहिन्यांचा भाग पाहता आलेला नाही, गरज वाटल्यास पुन्हा स्कॅन करावा. सगळं इंग्रजीत.

शुक्रवारी तात्या पाकीट न्यायला आले. टेक्निशियननं रिपोर्टबद्दल तोंड उघडू नये असा नियम आहे. तात्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"सायब, गाठ हाय का?"

"गाठ दिसत नाही, तात्या."

म्हातारा उभ्या उभ्या रडला. फेट्याच्या शेवटानं डोळे पुसले आणि माझे दोन्ही हात धरले. ती मधली ओळ मला पाठ होती. मी म्हणू शकलो असतो, की तात्या, गाठ नाही, पण एक भाग आम्हाला दिसलेलाच नाही, परत यावं लागेल. पण माणूस इतका सुटल्यासारखा रडत असताना त्याला 'पण' कोण सांगणार? मी मनाशी म्हणालो, सर्जन वाचतीलच की. सर्जननी खालचा निष्कर्ष वाचला. गाठ नाही. ते म्हणाले, चांगलं खाऊ घाला, ताकदीचं औषध देतो. त्यांचाही मला राग येत नाही. बाहेर त्यांच्या पन्नास पेशंटांची रांग असायची.

पंधरा दिवसांनी तात्या पुन्हा आले, ते मासा घेऊन. धरणाच्या पाण्यातला ताजा कटला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला.

"पाव्हण्यानं पहाटं जाळ्यात धरला. म्हटलं मास्तराच्या पोराला नेऊन द्यावा. तुमी आमास्नी जीवदान दिलंसा."

"काकू कशा आहेत? जेवतात का?"

"न्हाय वो. अजून ताट फुडं आलं की तोंड फिरवती. पर आता मी भीत न्हाय. फोटूत काय न्हाय म्हटल्यावर हे मनाचं दुखणं. सून म्हणती, आत्याबाईस्नी लाड पायजेल. आता मी सोता बसतो आन् घास घास भरवतो. रडती, पर खाती."

मी मासा घरी नेला. बायकोनं झकास कालवण केलं. पोरांनी काटे काढून काढून खाल्ला. त्या रात्रीची चव मला अजून आठवते, आणि ती आठवते हेच मला सहन होत नाही.

त्यानंतर तीनेक आठवडे गेले असतील. गुरुवार होता, दुपारचे बारा. इंदापूरच्या सर्जनचा फोन आला की एक पेशंट पाठवतोय, पोटात भयंकर दुखतंय, पोट तपासून मात्र काही हाताला लागत नाही, तातडीनं घ्या. तासाभरानं जीप आली. मागच्या बाकावर सोजरबाई, डोकं तात्यांच्या मांडीवर.

सकाळी न्याहारीला तात्यांनी दूध-भाकरी कुस्करून भरवली होती. त्यानंतर जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

या वेळी तयारी करायला वेळच नव्हता. ना उपास, ना जार, ना तांब्या. सर्जननी इंदापूरला हाताला जाड सुई लावून दोन सलाईन चढवून पाठवलं होतं, त्यामुळं शिरा भरल्या होत्या. ज्या हातावर मी चार वेळा टोचलं होतं त्याच हातावर शीर दोरीसारखी वर आलेली. मॅडम म्हणाल्या, "तोंडानं काही देऊ नकोस." त्या स्वतः माझ्याशेजारी सिरिंज घेऊन उभ्या राहिल्या. दोघांनी मिळून औषध जोरात ढकललं आणि पळत काचेमागं आलो.

"काकू, श्वास घ्या. धरा."

त्यांनी धरला. तेवढ्या दुखण्यात धरला.

स्क्रीनवर फोटो आले. इतके स्वच्छ फोटो मी त्या मशीनवर कधी काढले नव्हते. आतडी करडी, शांत. त्यांच्यामधून मुख्य धमनी झगझगीत पांढरी. तिच्यातून आतड्याची रक्तवाहिनी फांदीसारखी निघालेली. तोंडाशीच ती आत साचलेल्या जुन्या चुन्यानं चिंचोळी झालेली, पुढं बोटाच्या एका पेराएवढी पांढरी, आणि मग काळी. चारीला पाणी सोडावं आणि पहिल्याच वाफ्यापाशी माती ढासळून बसावी, तसं. खाली सगळं शिवार कोरडं.

मॅडम म्हणाल्या, "जुनी फिल्म काढ."

दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. तीच बाई, तीच जागा. डावीकडं रेघोटी, उजवीकडं सगळं वाचता येण्यासारखं.

"ही नस आज चिंचोळी झालेली नाही. कित्येक महिने चाललंय हे. आज ती पुरती बंद झाली," मॅडम म्हणाल्या. "जेवल्यावर आतड्याला रक्त जास्त लागतं. ते मिळालं नाही की आतडं दुखतं. छातीत कळ येते ना, तसं. गायकवाड, ही बाई जेवल्यावर दुखतं असं कधी म्हणाली होती?"

"हो मॅडम."

"कुणाला?"

"मला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"फॉर्मवर नव्हतं."

"फॉर्मवर नव्हतं," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःच्या जुन्या रिपोर्टची प्रत काढली, त्या मधल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आणि मी तुझं ऐकलं."

त्याच जीपनं पेशंटला पुण्याला पाठवलं. पोट उघडलं तेव्हा आतडं काळं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सोजरबाई गेल्या. वेळेवर कळलं असतं तर ऑपरेशन करून रक्ताची दुसरी वाट काढता आली असती, असं मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, इतकी अशक्त बाई, कदाचित तेही झेपलं नसतं. तेही खरं असेल. पण ती संधी नाकारणारे आम्ही कोण?

दहावं-तेरावं झाल्यावर तात्या आले. डोक्यावर फेटा नव्हता. केस काढलेलं डोकं उघडं बघून मी एकदम ओळखलंच नाही. ते बाकावर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

"सायब, मला त्यो फोटू दावा."

"कशाला, तात्या?"

"तिला कुठं दुखत हुतं ते बघायचंय."

मी त्यांना आत नेलं. दुसरी फिल्म दिव्यावर लावली आणि बोटानं दाखवलं, हे पांढरं म्हणजे रक्त, आणि इथं ते अडलं. तात्यांनी काळ्या जागेवर हात ठेवला. पंजा ठेवला, बोट नाही. पोटावर ठेवतात तसा.

"ह्ये पयल्या फोटूत हुतं का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. मॅडमनीही हलकेच सुचवलं होतं, की त्या म्हाताऱ्याला आता काही सांगून काय उपयोग. मी पहिली फिल्म लावली.

"असणार. पण दिसलं नाही. औषध दाट झालं होतं, त्याच्या उजेडात हे झाकलं गेलं. तात्या, चूक माझी आहे. जार मी कालवायला हवा होता. आणि दिसलं नाही हे कळल्यावर तुम्हाला परत बोलवायला हवं होतं. मॅडम बोलवा म्हणत होत्या, मीच नको म्हणालो."

तात्या दोन्ही फोटोंकडं आळीपाळीनं बघत राहिले.

"म्हंजे माझ्या तांब्यानं."

"नाही तात्या. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला हवं होतं."

"तांब्याचं ऱ्हाऊ द्या." ते खाली बसले. मशीनच्या खोलीत, थंडगार फरशीवर. "ती रोज सांगत हुती, सायब. दुखतंय म्हणायची, हात जोडायची, नगं म्हणायची. आन् मी म्हणायचो, गप खा. फोटूत काय न्हाय."

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसलो. बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता, तो खोळंबू दिला.

तात्यांनी मला शिवी दिली नाही, तक्रार केली नाही. जाताना म्हणाले, "मास्तरास्नी रामराम सांगा." वडील गेल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मी सांगतो म्हणालो.

मॅडमनी ती दुसरी फिल्म पुढं शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला नेली. फार सुंदर केस आहे म्हणून ती हातोहात फिरली. पहिली फिल्म कुणी मागितली नाही. ती मी माझ्या कपाटात ठेवली.

निवृत्त होईपर्यंत जार मी स्वतः कालवला. जेवल्यावर दुखतं म्हणणाऱ्याला जारच दिला नाही, साधं पाणी पाजलं आणि जाड सुई लावली. पाण्यानं आतडी फुगतात पण पांढरी होत नाहीत, शेजारच्या रक्तवाहिन्या स्वच्छ दिसतात. एवढीशी गोष्ट. पुढं हे सगळीकडं होऊ लागलं, त्यात माझं काही कौतुक नाही. सुई लावताना पेशंट जे बोलेल ते मी फॉर्मच्या मागं मराठीत लिहायला लागलो. त्यात सुनांच्या तक्रारी, ऊसतोडीची भांडणं असलं बरंच निघायचं. नवीन आलेल्या डॉक्टरांना हसू यायचं. मॅडमना कधी आलं नाही.

आणि पाकीट देताना मी एक नियम कायमचा मोडला. काय दिसलं ते डॉक्टर सांगतील, म्हणायचो, पण काय दिसलेलं नाही तेवढं मी सांगतो. लोकांना ते आवडत नाही. दोन एसट्या बदलून आलेला माणूस 'काही नाही' एवढंच ऐकायला आलेला असतो. त्या शुक्रवारी तात्यांनाही आवडलं नसतं. त्यांचं तोंड उतरलं असतं, माझे हात त्यांनी धरले नसते, मासाही आणला नसता. पण घरी जाऊन त्यांनी तिला घास भरवला नसता.